मटकीचे लांब मोड

ताई-दादांनो, फडक्यात बांधलेली मटकी चुकून दोन-तीन दिवस तशीच राहिली तर मोड पांढरट, लांबलचक होतात. आपण म्हणतो, वाया गेली. पण मटकीच्या लेखी ती अजून मातीखालीच असते! दाण्यातली शिदोरी संपायच्या आत तिला उजेड गाठायचा असतो. म्हणून पाने मिटून ठेवून ती सगळा जोर देठात लावते.

हा हुकूम सुटतो पेशीच्या केंद्रकातून. तिथे पिफ नावाची प्रथिने असतात. ती जनुकांवर बसून कोणते काम चालू, कोणते बंद ते ठरवतात. कचेरीत सहीशिवाय फाइल हलत नाही, तसेच. उजेड पडला की फायटोक्रोम हे दुसरे प्रथिन केंद्रकात शिरून पिफला धरते आणि काही मिनिटांत पिफ नष्ट होऊ लागते. मग पाने उघडतात, हिरवी होतात.

पहिले पिफ १९९८ साली अमेरिकेत पीटर क्वेल यांच्या गटाला मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात सापडले. पुढे त्याच जातीच्या रोपातली चार पिफ बंद पाडली, तर ते अंधारातच बुटके राहून पाने उघडून बसले. मातीखाली असे झाले तर वर येणे कठीणच.

गॅलरीतल्या डब्यात मेथी दाट पेरली की सावलीत तीही अशीच उंचावते. वेळीच विरळ करा, डबा उन्हाकडे सरकवा. लांबलेला देठ मात्र पुन्हा आखूड होत नाही.