वाट बंद आहे (कारण विचारू नये)

जून उजाडला की पुण्यातल्या आमच्या ऑफिसात छत्र्या नंतर निघतात, आधी निघतो तो बंदीचा आदेश. म्हणजे त्याचा मोबाईलवर काढलेला वाकडातिकडा फोटो. शिक्का अर्धा कापलेला, जावक क्रमांक पुसट. मग जेवणाच्या टेबलावर दोन गट पडतात. एक म्हणतो, "बरं झालं, या माकडांना आवरायलाच हवं." दुसरा म्हणतो, "सह्याद्री काय यांच्या बापाचा आहे का?" मी रत्नागिरीकडचा, संगमेश्वर तालुक्यातला, म्हणजे डोंगराच्या खालच्या अंगाचा. त्यामुळे दोघांनाही वाटतं की हा आपल्या बाजूने बोलणार. तर मंडळी, मी दोघांच्याही बाजूचा नाही.

आधी दुसऱ्या गटाची हजेरी घेतो, कारण तुम्ही वाचक बहुतेक त्यातलेच :-)

रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या माथ्यावर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, साधारण ११६५ चौरस किलोमीटरचा. वासोटा, नागेश्वर, प्रचितगड ही आपली लाडकी ठिकाणं याच जंगलात किंवा त्याच्या काठावर. वासोटा पावसाळ्यात बंद असतो आणि गडावर मुक्काम तर एरवीही करू देत नाहीत. यावर दरवर्षी बोंबाबोंब होते. 'वाघ नसलेल्या व्याघ्र प्रकल्पात बंदी कसली?' हा विनोद तर आता पार शिळा झालाय. शिवाय तो खोटाही ठरलाय, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण मुद्दाम इथे आणून चांदोलीत सोडली. त्या वाघिणीला स्थिरावायला शांत जंगल हवं, एवढं समजायला प्राणिशास्त्राची डिग्री लागत नाही.

आणखी एक. याच खोऱ्यांतली गावंच्या गावं उठली आहेत. काही धरणाच्या पाण्यात गेली, काही जंगलासाठी उठवली. माणसांनी देव्हारे हलवले, शेतं सोडली, कुठल्या कुठे जाऊन नव्याने चूल मांडली. आणि आपल्याला चार महिने एक ट्रेक सोडवत नाही? जंगलाच्या बंदीला कारण आहे, मुदत आहे, हद्द आहे. ती मुकाट पाळायची. रात्री मागच्या बाजूने चढून सकाळी 'हिडन जेम' म्हणून फोटो टाकणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

आता पहिला गट आणि त्यांचा लाडका कागद.

हा कागद वन खात्याचा नसतो. तो कलम १४४ चा असायचा. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. कलमाचा नंबर बदलला, कागदाचा मसुदा तोच. हे कलम आहे कशासाठी? दंगल होणार आहे, जमाव चिडलाय, ताबडतोब काही केलं नाही तर जीव जातील, अशा तातडीच्या वेळेसाठी. म्हणून तर या आदेशाला दोन महिन्यांची मर्यादा आहे, आणि पुढे वाढवायचा तर राज्य सरकारलाच वाढवावा लागतो. आता मला सांगा, दरवर्षी मृगाच्या सुमारास येणारा पाऊस ही तातडीची, अचानक उद्भवलेली परिस्थिती कशी? कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल असं बजावलं. तो खटला काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा होता, धबधब्यांचा नव्हे, हे मान्य. पण कलम तेच ना? देवकुंडला तर पावसाळी बंदीचा रिवाजच पडलाय. आणि आदेश मोडणाऱ्याला, त्यातून जीवाला धोका झाला असेल तर, नव्या न्याय संहितेत वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे प्रकरण गमतीचं नाही.

"पण माणसं मरतात त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. दोन्ही बातम्या वाचून पोटात गोळा आला होता. पण जरा नीट बघा. यातलं कोणीही गड चढायला गेलं नव्हतं. गाडी लावायची, थोडं चालायचं आणि थेट पाण्यात, अशा या जागा. कुंडमळ्याचा पूल धोकादायक आहे असा फलक तिथे होता. म्हणजे बंदीची पाटी होती, पूलही होता आणि पुलावर माणसंही होती. तिथे कमी काय होतं? गर्दी मोजणारा माणूस. आणि अशा घटनेनंतर निघणाऱ्या कागदात धरण, धबधबा, गड, घाटवाट सगळं एकाच माळेत ओवलेलं.

या सरसकट बंदीचा खरा परिणाम काय होतो, ते पायथ्याच्या वाडीत जाऊन विचारा. कायदा पाळणारा घरी बसतो. न पाळणारा पहाटे चारला, नाक्यावर पोलीस यायच्या आत निघतो. तो गावात थांबत नाही, वाटाड्या घेत नाही, कुणाच्या वहीत नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर तोच पुरावा. मग तो चुकला किंवा पडला तर वर कोणी आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. ज्या वाटेवर दहा माणसं आणि एक वाटाड्या असता, तिथे दोन माणसं आणि गुगल मॅप. याला सुरक्षा म्हणायचं?

गेल्या पावसाळ्यात मी एका सरकारी कार्यालयात फोन केला होता. कोणतं ते सांगत नाही. गडाचंही नाव जाऊ दे.

"वाट बंद आहे का?"
"बंद आहे."
"कधीपर्यंत?"
"पुढील आदेशापर्यंत."
"दरड आलीय की पाणी वाढलंय?"
"वरून आहे."
"आदेशाची प्रत कुठे मिळेल?"
"तुम्ही पत्रकार का?"

आमच्या धंद्यात याला एरर ४०३ म्हणतात. दार बंद, कारण दिलं जाणार नाही. पण सर्व्हर दोन तास जरी बंद ठेवायचा असला तरी आम्हाला आधी मेल टाकावा लागतो: कधीपासून, कधीपर्यंत, कशासाठी, अडलं तर कुणाला विचारायचं. नाही टाकला तर क्लायंट फाडून खातो. नागरिक हा सरकारचा क्लायंट नाही हे मला कळतं, पण तेवढी माहिती मागायला क्लायंट असावं लागत नाही.

आणि सरकारला हे जमत नाही असंही नाही! आमच्याच जिल्ह्यातला परशुराम घाट घ्या. २०२२ साली चौपदरीकरणासाठी तो बंद ठेवायचा होता. तेव्हा काय जाहीर झालं? २५ एप्रिल ते २५ मे, दुपारी १२ ते ५, हलक्या वाहनांनी आंबडस-चिरणीमार्गे जावं. तारीख, वेळ, कारण, पर्यायी रस्ता. मुंबई-गोवा हायवेला लोकांनी एरवी काय कमी शिव्या दिल्यात, पण त्या महिन्यात चिपळूणला जाणाऱ्या माणसाला घरातून कधी निघायचं ते माहीत होतं. गाडीच्या रस्त्याला वेळापत्रक मिळतं आणि पायवाटेला 'पुढील आदेशापर्यंत'.

हवामान खातं रोज पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार इशारा देतं. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. ज्या दिवशी रेड अलर्ट, त्या दिवशी सगळ्या वाटा बंद, ऑरेंजला ओढे ओलांडाव्या लागणाऱ्या वाटा बंद. एवढा साधा नियम लिहायला कितीशी ओळ लागते? ७ जुलै २०२४ ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले, माणसं अडकली, आणि गड ३१ जुलैपर्यंत बंद केला. ती बंदी मला पटते. कारण डोळ्यांसमोर होतं आणि तारीख कागदावर होती.

शेजाऱ्यांकडे बघा. तमिळनाडूत ११ मार्च २०१८ ला कुरंगणीच्या वणव्यात वीसहून अधिक ट्रेकर गेले. त्यांनी आधी नियम केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० वाटा ऑनलाईन खुल्या केल्या, सोप्या-मध्यम-अवघड अशी प्रतवारी लावून, स्थानिक आदिवासी वाटाड्यांसकट. कर्नाटकात जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर जत्रेसारखी रांग लागली, तेव्हा त्यांनीही ट्रेक थांबवले. पण थांबवून हात झटकले नाहीत. ऑनलाईन परवाने आणले, दिवसाला माणसांची मर्यादा घातली. इतक्या लांबही जायला नको. आपलं कास पठार. आजूबाजूच्या गावांची समिती, ऑनलाईन बुकिंग, दिवसाला तीन हजारांची मर्यादा. कुरकुर तिथेही होते, पण फुलं आहेत आणि गावातल्या पोरांना काम आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्या चर्चेत कधी येतच नाही. संगमेश्वरहून कसबा, नायरी करत शृंगारपूरला गेलात तर वर प्रचितगड दिसतो. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग, त्याचे नियम वेगळे, वर सांगितलेच. पण त्या पट्ट्यातल्या, जंगलाच्या हद्दीबाहेरच्या धबधब्यांच्या आणि घाटवाटांच्या वाड्यांचं काय? लावणी आटपली की भात कापेपर्यंत घरात रोकड नसते. त्याच दोन-अडीच महिन्यांत शहरातली माणसं डोंगराकडे धावतात. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वाट दाखवायचे चार पैसे. तेवढ्यावर एखादा पोरगा मुंबईला जायचा थांबला असता. पण नेमका तोच हंगाम कागदाने बंद. आणि वर कोणी अडकलं की रात्री दोर घेऊन धावणारी माणसं कोण? हीच वाडीतली, आणि फुकट काम करणारी बचाव पथकं. जबाबदारी घेताना ते चालतात, अधिकार देताना का नाही?

"प्रशासनाकडे माणसंच नाहीत हो," असं आमच्याच टीममधला एकजण म्हणाला. त्याचे काका तहसीलदार होते, त्यामुळे तो अधिकारवाणीने बोलतो. खरंय, नाहीत. म्हणून तर वाडीतल्या चार जणांना ओळखपत्र, शिट्टी, वही आणि 'आज वर सोडायचं नाही' म्हणायचा हक्क द्या. ओढ्याचं पाणी कोणत्या दगडापर्यंत आलं की परत फिरायचं, हे त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं.

तर या वेळी मी आदेशाच्या फोटोची वाट बघणार नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न तीनच विचारतोय. गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यातली कोणकोणती ठिकाणं १४४ किंवा १६३ खाली किती दिवस बंद होती? प्रत्येक ठिकाण यादीत घालण्याआधी तिथे कोण जाऊन पाहून आलं, आणि त्याचा अहवाल कुठे आहे? आणि त्या ठिकाणच्या ग्रामपंचायतीला विचारलं होतं का? अर्जाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी कळवा. तुमच्या जिल्ह्याचं नाव घालून पाठवता येईल.