युरियाला अनुदान, पण तो मातीत खोल पुरणाऱ्याला काही नाही

माननीय केंद्रीय रसायने व खते मंत्री यांस,

यंदाची लावणी उरकली आणि याही वर्षी आमच्याकडे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट गोळ्या मिळाल्या नाहीत. अर्ज केले, स्मरणपत्रे दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. पोत्यातला युरिया मात्र आला, खाचरात फोकला गेला, आणि त्यातले निम्म्याहून अधिक नत्र भाताच्या तोंडी लागणार नाही. वरून फोकलेल्या युरियातले जेमतेम ३० ते ४० टक्के नत्र भाताला मिळते, हे आपल्या विभागाला नव्याने सांगायला नको.

युरियापासून मातीत अमोनियम तयार होतो आणि तो मातीच्या कणांना धरून राहतो. हवा मिळाली की जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. या नायट्रीकरणाचा वेग तापमान ठरवते: ५ अंशांखाली जवळपास बंद, १० अंशांपाशी मंद, २५ ते ३५ अंशांत पूर्ण भरात. अमेरिकेच्या मका पट्ट्यात कापणीनंतर अमोनिया द्यायचा असेल, तर माती १० अंशांखाली उतरेपर्यंत थांबायला सांगतात. तिथे नत्राची राखण थंडी करते. कोकणात भर पावसातही खाचरातली माती ऊबदारच असते. आमच्या हातात एकच गोष्ट उरते, खत किती खोल ठेवायचे ती.

पाणी भरलेल्या खाचरात चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरालाच ऑक्सिजन मिळतो. फोकलेल्या युरियाचे नायट्रेट तिथेच बनते, खालच्या हवा नसलेल्या चिखलात झिरपते आणि वायू होऊन उडून जाते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरणारा. शिवाय साचलेल्या पाण्यातून अमोनिया उडतो तो वेगळाच. तेच खत ७ ते १० सेंटिमीटर खोल पुरले तर जिवाणूंना ऑक्सिजनच मिळत नाही, अमोनियम अमोनियमच राहतो आणि भाताची मुळे तो तसाच घेतात. जपानी शास्त्रज्ञांनी हे १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते.

आपल्याकडे कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भातशेती पद्धतीत हेच बसवले. १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून लावणी, चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत आणि त्यात ६० किलोच्या आसपास नत्र. फोकून द्यायची शिफारस १०० किलो नत्राची आहे. बांगलादेशातही युरिया खोल पुरून त्याचा वापर सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला.

आणि सरकारने काय केले? २०१५ मध्ये निंबोळी लेप सक्तीचा केला. २०१८ मध्ये पोते ५० किलोंवरून ४५ वर आणले. २०२३ मध्ये गंधकलेपित युरिया आणला, त्याचे पोते ४० किलोंचे. निंबोळीने नायट्रीकरण थोडे लांबते, हे मी मान्य करतो. पण लेप दिलेला युरियाही पडतो त्याच वरच्या थरात! २०२२-२३ मध्ये खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. दुकानातल्या पॉस यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा उमटला की कंपनीच्या अनुदानाचे पैसे सुटतात. पोते कुठे रिकामे झाले, खत किती खोल गेले, हे कोणी विचारत नाही.

साडेबासष्ट हजार गोळ्या हाताने चिखलात रोवायच्या म्हणजे काय, हे लावणीला वाकलेल्या बाईला विचारा. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. म्हणून शेतकरी फोकतो. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याला स्वस्त पोते देऊन आपणच त्या वाटेला लावले आणि आता ‘संतुलित खत वापरा’ असा उपदेशही आपणच करता. याला मी अन्याय म्हणतो.

पुढच्या मे महिन्याआधी भात पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यात ब्रिकेट यंत्र सुरू करा. गोळ्यांना युरियाइतकेच अनुदान द्या. गोळ्या पुरण्याची मजुरी किंवा त्या पुरणाऱ्या अवजाराचा खर्च त्याच अनुदानातून शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा. हे होणार नसेल, तर का होणार नाही ते लेखी कळवा. पोच नको, उत्तर हवे.

आपला,
कोकणातील एक भातशेतकरी