आजोबांच्या अल्बमातले कोट्यवधी

टपाल तिकिटांचा छंद हा एके काळी बिनपैशाचा छंद होता. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात भिजत घालायचा, सुटलेले तिकीट वर्तमानपत्रावर वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ते देऊन मित्राकडून ‘मग्यार पोस्ता’चे एखादे तिकोनी तिकीट पदरात पाडून घ्यायचे. हंगेरी नकाशात कुठे आहे हे आमच्यातल्या कित्येकांना त्यामुळेच कळले. आता मात्र माळ्यावरच्या ट्रंकेतून अल्बम निघाला, की पहिला प्रश्न येतो तो ‘याचे किती येतील?’ हाच.

या प्रश्नाला मोबाइलवर जे उत्तर मिळते, ते वाचून कोणाचेही डोळे फिरावेत. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले तिरंग्याचे साडेतीन आण्यांचे ‘जय हिंद’ तिकीट स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट म्हणून आपल्याला प्रिय आहे. पण दुर्मिळ ते मुळीच नाही. तरीही त्याच्यापुढे पाच-पाच आकडी किंमत लावून माणसे बसलेली दिसतात. किंमत लावायला पैसे पडत नाहीत! सांगितलेली किंमत आणि कोणी प्रत्यक्ष मोजलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे भाजी घेताना आपल्याला पक्के ठाऊक असते. तिकिटे घेताना ते कसे विसरते, कोण जाणे.

जुने म्हणजे दुर्मिळ, हा यामागचा मूळ गैरसमज. जगातले पहिले टपाल तिकीट ‘पेनी ब्लॅक’ १८४० साली इंग्लंडमध्ये निघाले. ते ६ कोटी ८० लाखांहून अधिक छापले गेले होते आणि लोकांनी इतके जपून ठेवले, की आजही ते बाजारात सहज मिळते. उलट सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी १८५२ साली काढलेले ‘सिंध डाक’ तिकीट. त्यातला लाल नमुना पत्रावर लावायच्या लाखेसारख्या ठिसूळ द्रव्याचा होता. हाताळला की तुकडे पडायचे. म्हणून आज तो मोजकाच उरला आहे. दुर्मिळता वयावर नव्हे, तर किती उरले आणि किती जणांना हवे आहे, यावर ठरते.

आणि जे खरोखर दुर्मिळ, त्याचीच नक्कल होते. गांधीजींच्या तिकिटांचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९४८ रोजी दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि १० रुपये अशी चार तिकिटे निघाली. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात ती छापली गेली आणि त्यांवर ‘बापू’ हे शब्द देवनागरी व उर्दू अशा दोन लिप्यांत होते. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी त्यांतल्या थोड्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा इंग्रजी शब्द वरून छापण्यात आला. त्या छापातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली लंडनच्या स्टॅन्ली गिबन्सने पाच लाख पौंडांना विकली. बातमी सगळीकडे झळकली आणि साहजिकच ‘सर्व्हिस’वाले गांधी घरोघरी सापडू लागले.

वस्तुतः हे करायला कितीसे कौशल्य लागते? साधे दहा रुपयांचे गांधी तिकीट काही हजारांत मिळते. त्यावर सात अक्षरे छापली की झाले. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक असेच तिकीट घेऊन आले होते. निवृत्तीच्या पैशातले चाळीस हजार त्यांनी त्यापायी घातले होते. विक्रेत्याने ‘आजोबांच्या संग्रहातून’ असे लिहिले होते आणि फोटो फक्त पुढच्या बाजूचा होता. भिंगाखाली अक्षरांभोवती काळ्या पुडीचे बारीक कण विखुरलेले दिसले. असे कण आजच्या लेझर प्रिंटरच्या छपाईत पडतात, १९४८ च्या छापखान्यात नव्हे. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खालचं तिकीट तरी खरं आहे ना हो?” ते खरे होते. म्हणजे एक चांगले तिकीटही त्या उद्योगात कायमचे खराब झाले होते.

खऱ्या-खोट्याची पारख ही काही जादू नव्हे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. एकसंध रंगात छापलेल्या जुन्या तिकिटात निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर ती आजची छपाई. काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून त्यावर बेन्झीनचा थेंब सोडला, की कागदातले जलचिन्ह उमटते. आपल्या जुन्या तिकिटांत कुठे हत्तीचे डोके, कुठे तारे असतात. (बेन्झीन पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये.) कडेची छिद्रे दोन सेंटिमीटरमध्ये किती बसतात, ते मोजण्याची पट्टी मिळते, १९४८ च्या गांधी तिकिटांची साडेअकरा भरतात. अतिनील दिव्याखाली कागद पांढराशुभ्र चमकला, तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेली चमक आणणारी रसायने आहेत. असा कागद १८५४ च्या तिकिटाचा असूच शकत नाही. शिक्का वाचावा. तिकीट निघण्याआधीची तारीख त्यावर मारणारे महाभाग असतात.

अडचण इतकीच, की यांतली एकही परीक्षा फोटोवर करता येत नाही. रंग पडद्यावर बदलतो, कागदाची जाडी कळत नाही, नव्याने फासलेला डिंक दिसत नाही. आणि वस्तू हातात असली, तरी काही वेळा जाणकारही फसतात. ज्याँ द स्पेराती हा फ्रान्समधला नकलांचा बादशहा. तो त्याच काळातले एखादे स्वस्त, खरे तिकीट घ्यायचा, त्यावरचे चित्र धुऊन काढायचा आणि त्या कागदावर महागड्या तिकिटाचे चित्र छापायचा. कागद खरा, छिद्रे खरी, कित्येकदा शिक्कासुद्धा खरा! १९४२ साली त्याचे एक टपाल फ्रेंच कस्टम्सने अडवले. मौल्यवान तिकिटे परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवल्याचा आरोप झाला, तेव्हा ‘या तर मी केलेल्या नकला आहेत’ असे हा गृहस्थ सांगत होता आणि तज्ज्ञ मात्र तिकिटे अस्सल असल्याचा निर्वाळा देत होते. अखेर १९५४ साली ब्रिटनच्या तिकीट संग्राहकांच्या संघटनेने त्याचा सगळा साठा विकत घेऊन हे दुकान बंद केले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ‘खोटे आहे हे तुम्ही सिद्ध करा’ ही विक्रेत्यांची भाषा ग्राहकाने ऐकूनच घेऊ नये. खरे आहे, हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. मागच्या बाजूचा फोटो, खोटे निघाल्यास पैसे परत देण्याची लेखी हमी आणि मोठी रक्कम असेल तर मान्यवर समितीचा दाखला, एवढे तरी मागावे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती असे दाखले देते. त्यावर तिकिटाचे छायाचित्र आणि क्रमांक असतो. दाखलेही बनावट निघतात, तेव्हा क्रमांक त्या संस्थेकडून पडताळून घ्यावा. ‘आहे तसे, परत घेतले जाणार नाही’ असे जिथे लिहिलेले असेल, तिथून पुढे जावे. ‘तुमच्या तिकिटाचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला, तर बोलणेही नको. जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत याच धर्तीच्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये लोकांना सावध करावे लागले होते.

पण दोन-तीन हजारांच्या तिकिटासाठी लंडनला कोण जाणार? तिथले शुल्कच तिकिटाहून जास्त. इथे आपल्या टपाल खात्याने पुढे यावे असे मला वाटते. मुंबईच्या जीपीओत फिलाटेलिक ब्यूरो आहे, तिकिटे जिथे छापली जातात ते प्रतिभूती मुद्रणालय आपल्या नाशकात आहे आणि आयुष्यभर भिंगातून पाहिलेली मुरलेली मंडळी मुंबई-पुण्यात आहेत. महिन्यातून एक रविवार, माफक शुल्क, एक टेबल आणि एक अतिनील दिवा. एवढ्याने पुष्कळांची पुंजी वाचेल. याला खर्च फारसा नाही. फक्त कोणीतरी फाईल हलवायला हवी, आणि तेच अवघड आहे.

तोपर्यंत घरच्यांनी एक करावे. संग्राहक वडील किंवा आजोबा हयात असतानाच त्यांच्याजवळ बसून कोणते तिकीट कुठून आले, हे वहीत लिहून घ्यावे. पुष्कळ संग्राहक तुलनेसाठी नकलाही बाळगतात, मीही बाळगतो. त्या ओळखणारा माणूस गेला, की मुले सगळा अल्बम एकगठ्ठा विकून टाकतात आणि नकला पुन्हा खऱ्या म्हणून बाजारात फिरू लागतात. माझ्याकडच्या प्रत्येक नकलेच्या पाठीवर मी ‘नक्कल’ असे लिहून ठेवले आहे. पेन्सिलने नव्हे, ती खोडता येते, पक्क्या शाईने.