मोडीत निघणारा इतिहास

दुर्मीळ सुवर्णनाण्यांचा संग्रह हा राजेरजवाड्यांचा छंद, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील जुन्या घराण्यांना अश्रफी आणि पुतळी हे शब्द अपरिचित नाहीत.

१९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. येथे हाली शिक्का चाले. इंग्रजी अमलातील सहा रुपयांस साधारणपणे सात हाली रुपये पडत. सोन्याच्या अश्रफीचे वजन सुमारे ११ ग्रॅम. विसाव्या शतकारंभीच्या यांत्रिक टांकसाळीतील अश्रफीवर चारमिनार दिसतो. त्याच्या कमानीत मीर महबूब अली खान यांच्या काळी ‘मीम’, तर १९११ नंतर मीर उस्मान अली खान यांच्या काळी ‘ऐन’ हे अक्षर असे. एवढ्याशा अक्षरावरून कारकीर्द ओळखता येते.

पुतळीचा प्रवास तर याहून दूरचा. व्हेनिसने १२८४ मध्ये सुरू केलेले सुमारे साडेतीन ग्रॅमचे डुकाट हे तिचे मूळ. त्याच तोलाची नाणी पुढे जर्मन संस्थानांनीही पाडली. व्यापारामार्गे आलेल्या या नाण्यावरील मानवाकृतींमुळे ते आपल्याकडे ‘पुतळी’ झाले आणि पुतळ्यांच्या माळेत गुंफले गेले.

सराफ मात्र केवळ वजन पाहतो आणि नाणे मुशीत जाते. मुलीचे लग्न वा आजारपण उभे असता सोने मोडणाऱ्यास मी दोष देणार नाही. परंतु तत्पूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन नोंदवावे आणि नाणे घरात कसे आले ते वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. नाणे घासूनपुसून चकचकीत करू नये. त्याने अक्षरे झिजतात. डाकलेल्या कडीमुळे संग्राहकाच्या लेखी किंमत घटते. मला तीच कडी मोलाची वाटते, कारण तिच्यात कोण्या स्त्रीच्या गळ्याची साक्ष असते.

ज्या वैद्यकबांधवांना संग्रहाची आवड आणि ऐपत आहे, त्यांना एक विनंती. शेतात सापडल्याचे सांगून कोणी नाणे आणल्यास ते घेऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगीरीत्या परदेशी नेण्यास मनाई आहे.

बाळाचा पूर्वेतिहास विचारल्यावाचून आपण औषध लिहीत नाही. नाण्याचाही पूर्वेतिहास विचारावा. तो हरवला की हाती उरते ते केवळ सोने. आणि सोने तर बाजारात कधीही मिळते.