कासदाहाचे प्रबंध नेमके कोणासाठी?

दूधउत्पादनात भारत १९९८ पासून जगात अग्रस्थानी आहे, आणि ते दूध मुख्यतः दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येते. तेथील सुप्त कासदाह डोळ्यांना दिसत नाही: कास सुजत नाही, दुधात गाठी येत नाहीत, दूध तेवढे घटते. पदव्युत्तर संशोधन मात्र बहुधा मळलेल्या वाटेने जाते. नमुने गोळा करायचे, स्टॅफिलोकोकस ऑरियस वेगळा करायचा, प्रतिजैविक-प्रतिरोधाची जनुके शोधायची, प्रबंध बांधायचा. ज्या गायीचे दूध नेले तिच्या मालकिणीला निष्कर्ष कळवणे त्यात सहसा बसत नाही.

कॅलिफोर्निया मास्टायटिस चाचणी १९५७ पासून उपलब्ध आहे. दुधात पेशी वाढल्या असतील तर द्रावण मिसळताच ते गोठ्यातच घट्ट होते. सोडियम व क्लोराइड वाढल्याने दुधाची विद्युतवाहकताही वाढते. चारही सडांचे दूध वेगळे मोजले की गायीची तुलना तिच्याशीच होते. इतके सोपे भौतिकशास्त्र गोठ्यात का रुजत नाही, हा प्रश्न ‘विस्तारकार्य’ म्हणून बाजूला सारला जातो. वास्तविक अवघड प्रश्न तोच आहे. संकलन केंद्रावर दर सामान्यतः फॅट आणि एसएनएफवर ठरतो, पेशींवर नव्हे. मग धार काढणाऱ्या बाईने चाचणी का करावी? प्रबंधसमित्यांनी याच प्रश्नावर एक प्रकरण सक्तीचे करावे.