मास्तर, आता पाटी तुम्ही धरा



पोरगं वर्गात गप्प बसलं की मास्तरच्या लेखी ते कच्चं. ठाकरवाडीतलं कच्चं. पारध्याच्या पालावरचं कच्चं. ऊसतोड्याचं तर निम्मं वर्ष फडावर, म्हणून कच्चं. हा शिक्का इतका जुना आहे, की आपली माणसंही तो खरा मानायला लागलीत. मी विचारतो, कच्चं कोण? घरातली एक, गावातली दुसरी आणि पुस्तकातली तिसरी भाषा झेलणारं सहा वर्षांचं पोर, की उभ्या नोकरीत त्या पोराच्या बोलीतले दहा शब्द शिकावेत असं ज्याला वाटलं नाही तो मास्तर?

शिकवणाऱ्यानं आधी शिकायला बसावं, ही गोष्ट नगर जिल्ह्याला नवी नाही. सरकारी कागदावर २०२४ पासून तो अहिल्यानगर झाला. नाव बदललं तरी इतिहास तोच आहे. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली, १८३९ साली नगरला आली आणि १८६२ साली इथंच वारली. ती मिशनची बाई होती. धर्म पसरवायलाच आली होती, ते झाकायचं कारण नाही. पण मुलींना शिकवायचं तर मुलींची भाषा आपल्याला आली पाहिजे, हे तिला कळलं होतं. तिशी ओलांडल्यावर ती मराठी शिकली. जोतीराव तिची शाळा बघून गेले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई मास्तरीण होण्याआधी या फॅरारबाईच्या हाताखाली नगरात विद्यार्थिनी म्हणून शिकल्या. पाटी धरली, मग खडू धरला.

याचं फळ काय आलं ते बघा. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता ही मांगाची पोरगी. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’त छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरातच सुरू झालं होतं. ज्या जातीला अक्षर बघायची बंदी, तिच्यातली शाळकरी पोर धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारते! तिला कोणी कच्ची म्हणून मागच्या रांगेत बसवलं असतं तर?

पुढं १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी मास्तर कसा हवा तेही सांगून ठेवलं. मास्तर शेतकरी जातींतून तयार करा. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचं हत्यार धरायची त्याला लाज वाटू नये. खालच्या थरात त्याला सहज मिसळता यावं. दीडशे वर्षं व्हायला आली. मास्तरांची प्रशिक्षणं आजही निघतात. लिंक उघडा, माहिती भरा, फोटो टाका, सर्टिफिकेट घ्या. नांगराच्या मुठीचं प्रशिक्षण कुठंय?

काय शिकायचं, असं मास्तर विचारतील. सांगतो.

पहिली भाषा. पारध्याच्या घरात बोलतात ती बोली गुजरातीच्या अंगानं जाते. पोर शाळेत येतं तेव्हा ‘बालभारती’चं पहिलं पान त्याला परक्या मुलखाचं वाटतं. मास्तर विचारतात, पोर गप्प. त्या गप्प बसण्याला मास्तर बुद्धी नाही म्हणतात. आधीच १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही. त्यावर शाळेनं हा दुसरा शिक्का मारायचा?

दुसरं, हिशेब. पाथर्डी-जामखेडची माणसं दरसाल कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्या पोराला उचल म्हणजे काय ते कळतं. टनाला भाव किती, आज किती मोळ्या बांधल्या, वाढं किती विकलं, मुकादमाचं किती फिटलं आणि किती पुढच्या सालावर गेलं, हे ते कोपीत पडल्या पडल्या ऐकतं आणि तोंडी धरतं. तेच पोर शाळेत आलं की गणितात नापास! मास्तर, उचल आणि टनाचं गणित त्याच्याकडून शिकून घ्या आणि तेच फळ्यावर मांडा. मग बघा कोणाचा हात आधी वर होतो ते.

तिसरं, खाली बसायला शिका. १९६० नंतरच्या त्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये विल्यम लबॉव्ह हा भाषेचा अभ्यासक काळ्या पोरांचं बोलणं तपासत होता. आठ वर्षांचं एक पोरगं प्रश्नाला धड एका शब्दाचंही उत्तर देईना. विचारणारा माणूस हार्लेममध्येच वाढलेला, काळाच होता. पुढच्या खेपेला तो खाऊचा पुडा घेऊन आला, पोराच्या जिवलग दोस्ताला बरोबर घेतलं आणि जमिनीवर बसला. पोरगं धडाधड बोलायला लागलं. लबॉव्हनं हे १९६९ साली लिहिलं.

ही गोष्ट आपल्यातल्या मास्तरांनी नीट ऐकावी. जात एक आहे एवढ्यानं भागत नाही. मी शाळेत असताना एकदा ‘पानी व्हतं’ म्हणालो. मास्तर हसले, म्हणून वर्ग हसला. मास्तर आपल्यातलेच होते. नोकरी लागल्यावर त्यांनी ‘ण’ कमावला होता आणि तो आता आमच्यावर परजत होते. मी महिनोन्‌महिने तोंड उघडलं नाही. प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘अबोल’. वस्तीत माझ्या तोंडाला कोणी लागत नव्हतं!

काही दोस्त म्हणतील, हा नवा कावा आहे. बामणाच्या पोराला इंग्रजी आणि आपल्या पोराला बोली. शंका रास्त आहे. पोराला प्रमाण मराठी आलीच पाहिजे, इंग्रजी तर आलीच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, त्यात तडजोड नाही. पण पलीकडच्या तीरावर जायचं तर पूल अलीकडच्या तीरावरूनच सुरू होतो. बोली शिकायचीय ती मास्तरनं, पोराला त्यातच कोंडण्यासाठी नाही. आणि पालावर जाऊन चार शब्द टिपून आणायचे, त्यावर निबंध वाचून शाल-श्रीफळ घ्यायचं, असलं शिकणंही आम्हाला नको.

हा नुसता मार्कांचा प्रश्न नाही. जामखेड तालुक्यातलं खर्डा आठवा. २८ एप्रिल २०१४. आपला सतरा वर्षांचा शिकता पोरगा मारला गेला. खटल्यात साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. माझा प्रश्न जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना आहे. वर्गातल्या पोराला कोणाची दहशत वाटते, हे त्यानं कोणापाशी आणि कोणत्या भाषेत सांगायचं? ज्या मास्तरला पोराचं ‘पानी’ ऐकवत नाही, त्याला त्याचं भय काय ऐकू येणार?

म्हणून रडगाणं पुरे, कामाला लागा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेत व्हावं. ‘शक्य’ या शब्दाआड सरकार लपतं. ते शक्य करून दाखवा. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवलेत, निम्म्या जागा बायांच्या, आणि दुर्बल थरातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या शाळेत त्या जागांवर कोण बसलंय, याची यादी मागा. डी.एड. करून रिकामे बसलेले आपले पोरं-पोरी वस्तीवस्तीत आहेत. पारधी, ठाकर, भिल्ल म्हाताऱ्या-कोताऱ्यांपाशी बसा, शब्दांची वही करा. ती वही मास्तरच्या टेबलावर ठेवा आणि सांगा, पुढच्या महिन्यात आम्ही तुमची तोंडी परीक्षा घ्यायला येतो.

जो मास्तर शिकेल त्याच्या पाठीशी उभे राहा, असा मास्तर एकटा पडतो. जो हसेल त्याला समितीत जाब विचारा.

जय भीम!