‘कार्टून’ या एका शब्दाची किंमत

१२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमेपट भारतातील चित्रपटगृहांत झळकला. जपानी आणि इंग्रजीबरोबरच हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषांतही तो उपलब्ध होता. मराठी त्या यादीत नव्हती. तरुण प्रेक्षकांनी त्याचे जोरदार स्वागत केले. घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : ‘एवढे मोठे झालात, अजून कार्टून कसली पाहता?’ हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात गेल्या तीन दशकांत ॲनिमेच्या बाबतीत आपल्याकडे जो गोंधळ झाला, त्याचे मूळ याच एका शब्दात आहे.

जपानमध्ये बहुसंख्य ॲनिमे मालिका ‘मांगा’ म्हणजे चित्रकथांवरून तयार होतात आणि या चित्रकथा छापणारी नियतकालिके वयोगटानुसार वेगवेगळी असतात. बालकांची निराळी, किशोरांची निराळी, किशोरवयीन मुलींची निराळी आणि प्रौढांचीही निराळी. ॲनिमेशन हे तेथे एक माध्यम आहे, तो वयोगट नव्हे. १६ एप्रिल १९८८ रोजी ‘घिबली’ या एकाच संस्थेचे दोन चित्रपट जपानमध्ये जोडीने प्रदर्शित झाले. हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ म्हणजे दोन लहान बहिणी आणि वनातील एक प्रेमळ प्राणी यांची गोष्ट. तर इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावा-बहिणीची कहाणी. या दोहोंना ‘कार्टून’ म्हणणे हे बालकवितेला आणि शोकांतिकेला निव्वळ ‘छापील कागद’ म्हणण्यासारखे आहे.

आपल्याकडे ही गफलत जुनीच. युगो साको या जपानी निर्मात्याने १९८०च्या दशकात रामायणावर ॲनिमेशनपट करण्याचे ठरविले, तेव्हा परकीयांनी रामकथेला हात घालण्यास आक्षेप घेतला गेलाच. शिवाय पवित्र कथेचे ‘कार्टून’ होणार, ही शंकाही आड आली. अखेर राम मोहन यांच्यासारख्या भारतीय ॲनिमेशनकाराच्या सहकार्याने तो चित्रपट पूर्ण झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतात पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या गांभीर्याबद्दल कोणाला शंका उरली नव्हती. तोवर तीन दशके उलटून गेली होती.

दरम्यान, दूरदर्शनवर १९९३ मध्ये ‘जंगल बुक’ आली. शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज लाभलेली ही मालिका मुळात १९८९ ची जपानी निर्मिती आहे, हे तेव्हाच्या किती प्रेक्षकांना ठाऊक होते? संथ गती, लांडग्यांच्या कळपातील नीतिनियम आणि मृत्यूलाही न टाळणारे कथानक यांमुळे ती आजही पाहण्याजोगी वाटते. तिने एक विश्वास निर्माण केला : जपानी चित्रमालिका मुलांपुढे निर्धास्तपणे लावून द्यावी. पुढे हाच विश्वास अंगाशी आला.

२००५-०६ च्या सुमारास ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ या दोन मालिका हिंदीतून ‘हंगामा’ या मुलांच्या वाहिनीवर सुरू झाल्या. ‘डोरेमॉन’चा जन्म बालकांच्या मासिकांतला. ‘शिनचॅन’ची चित्रकथा मात्र १९९० पासून प्रौढांच्या साप्ताहिकात प्रसिद्ध होत होती. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून मध्यमवर्गीय संसाराची, नोकरीची आणि दांपत्यजीवनाची टर उडविणे, हा तिचा मूळ हेतू. ती येथे बालवाहिनीवर बसवली गेली आणि मुले उद्धट होतात अशा तक्रारींनंतर २००८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिचे प्रसारण थांबविले. नंतर ती काटछाट होऊन परतली. दोष मालिकेचा होता की तिला चुकीच्या फळीवर ठेवणाऱ्यांचा? त्या वेळी हा प्रश्न जितका विचारला जायला हवा होता, तितका विचारला गेला नाही.

आजच्या मालिकांकडे पाहिले तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ‘डेमन स्लेयर’ किशोरांच्या साप्ताहिकातून आली. तिच्या चित्रपटांना जपानमध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना असते. तिचे युद्धप्रसंग डोळे दिपवणारे आहेत, पण तिचे मर्म तलवारीत नाही. राक्षस मरणपंथाला लागला की कथा थांबते आणि तो मूळचा कोणता दुःखी माणूस होता, हे सांगते. हा थांबा कधी कधी नको तितका लांबतो हे खरे. तरीही मालिकेची करुणा तेथेच आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र त्यात केवळ उडालेले शीर दिसते. ‘फ्रीरेन’ ही २०२३ मध्ये सुरू झालेली मालिका याच्या उलट टोकाची. दुष्ट शक्तीचा पराभव होऊन गेल्यावर तिची गोष्ट सुरू होते. हजार वर्षांहून अधिक जगलेल्या नायिकेला, दहा वर्षे सोबत केलेला मित्र वृद्धापकाळाने गेल्यावर कळते की, आपण त्याला नीट ओळखलेच नाही. ती मुलांना अपायकारक नाही. परंतु तिचा खरा वाचक पन्नाशीचा आहे आणि नेमका तोच ‘कार्टून’ म्हणून पाठ फिरवतो.

छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशाला तरी हे समजणे अवघड जाऊ नये. येथून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाची कथा रंगविलेली आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले व्यापारी, त्यांना मोहात पाडणाऱ्या आणि पुढे खाऊन टाकणाऱ्या राक्षसिणी, अखेरचे युद्ध, असे सारे पाचव्या शतकातील त्या भिंतीवर आहे. एकच पात्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येते आणि पाहणाऱ्याची नजर पुढे सरकेल तशी कथा पुढे सरकते. ताकाहाता यांनी १९९९ मध्ये जपानच्या बाराव्या शतकातील चित्रगुंडाळ्यांत आजच्या ॲनिमेशनची बीजे दाखवणारे पुस्तक लिहिले. त्या गुंडाळ्यांतही पात्रे अशीच पुन्हा पुन्हा येतात. अजिंठ्याच्या चित्रांना आपण पोरखेळ म्हणत नाही. मग चित्र हलू लागताच ते लहान मुलांचे कसे ठरते?

यावर सरसकट बंदी हा उपाय नाही आणि सरसकट मोकळीकही नाही. ऑनलाइन मंचांवर २०२१ च्या नियमांनुसार सात, तेरा व सोळा वर्षे असे वयोगट दर्शविणे बंधनकारक आहे. चित्रपटांसाठीही २०२४ पासून असेच वर्गीकरण लागू झाले. सूचना आहेत, पण ‘कार्टूनच तर आहे’ असे म्हणणारे घर त्या वाचत नाही. वाचायला लावणारी समीक्षा मराठीत हवी. बालसाहित्याच्या पुस्तकाचे परीक्षण जसे छापले जाते, तसे मालिकेचेही छापले जावे : ही कोणत्या वयासाठी, हिच्यात काय आहे, कोठे थांबावे. आपल्या शहरात भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने प्रौढांसाठीच्या ॲनिमेपटांचा एखादा विभाग ठेवून त्यावर मराठीत चर्चा घडविली, तर त्याहून उचित जागा दुसरी नाही.

ॲनिमे मुलांच्या हातात, त्यांच्या भ्रमणध्वनीवर, केव्हाच पोहोचले आहे. ते थोपविणे आता पालकांच्या हाती नाही. त्यातले काय कोणासाठी, हे सांगणे मात्र अजूनही त्यांच्याच हाती आहे. त्यासाठी आधी एक शब्द बाजूला ठेवावा लागेल आणि मुलांशेजारी बसून एखादा भाग पाहावा लागेल.